मधाचा एक थेंब

कल्पना करा, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी आलेल्या नवऱ्याच्या डोळ्याची पट्टी तुम्हाला सोडायची आहे. १९९७ साली पेठजवळच्या पाड्यावर कुसाबाईने ती सोडली.

"तू लय म्हातारी झालीस गं," केरू हसला.

डोळा थोडा लाल होता. लाली जावी म्हणून तिची आई घालायची तसा तिने कड्यावरच्या पोळ्यातला मध डोळ्यात घातला. पुढे डोळा पिकला. नाशिकच्या डॉक्टरांना तो काढावा लागला.

"मधानं गेला का?" तिने विचारलं.

"असेलही. पण ऑपरेशननंतर काहींचा असाही पिकतो, बाई. नक्की नाही सांगता येत."

"दुसरा हाय ना," म्हणत केरूने विषय मिटवला. कुसाबाईला मात्र अजून कळायचं आहे, मध न घालता तेव्हाच दवाखाना गाठला असता, तर डोळा वाचला असता का?