छत्तीस भोकं

"ओठ हलून गेल्यावर आवाज येतोय," सेनमासीमा, म्हणजे सेनमावशी, म्हणाल्या. मी प्रोजेक्टर झटकन बंद केला आणि खापर बालीगंजच्या विजेवर फोडलं.

फिल्म त्यांच्या यजमानांनी घरी काढलेली, सुपर एट. तिच्यावर आवाज नसतो. तो वेगळ्या टेपवर. ती टेप मी मोबाइलवर उतरवून घेतली होती. यजमान आता नाहीत. कॅमेऱ्यासमोर ते बोललेत अशी ही एकच फिल्म, आणि तीही इतकी कडक झालेली की कधी तुटेल सांगता येत नव्हतं. मी चार वेळा चालवायला मागितली होती. मासीमा एकावर अडून बसल्या. घासाघीस करून दोन मिळवल्या. त्यातली एक आत्ता वाया गेली.

"म्हणून स्टुडिओत द्या म्हणत होते," त्यांची मुलगी मौ म्हणाली. "नुसतं बटण तर दाबायचंय."

माझं डोकं फिरलं. डमडमला शून्यातून प्रोजेक्टर दुरुस्तीचं दुकान उभं केलं, तीस वर्षं मशीनं उघडतोय, आणि लोकांच्या लेखी मी बटण दाबणारा! "मग तुम्हीच दाबा!" मी ओरडलो.

"भांडू नका," मासीमा म्हणाल्या. "आधी एक पांढरा ठिपका चमकायचा, तो कुठे गेला? टेप मीच लावायचे. ठिपका चमकला की प्ले. मग एक, दुई, आणि चित्र."

माझी चूक तिथेच उलगडली. मोटरला वेग घ्यायला दोन-तीन सेकंद लागतात. म्हणून फिल्मच्या सुरुवातीला कोरी पट्टी असते, लीडर. त्यावर यजमानांनी खुणेचं भोक पाडलेलं; पांढरा ठिपका म्हणजे त्यातून पडणारा उजेड. ते बघून मी लीडर खराब समजून अख्खा कापून फेकला होता, म्हणून चित्र आवाजाच्या पुढे पळालं. वर 'फिल्म साफ केली' म्हणून फोनवर मिरवलोही होतो.

कबूल केलं. बॅगेतला नवा लीडर जोडला. सेकंदाला अठरा चित्रं, म्हणजे दोन सेकंदांची छत्तीस. प्रत्येक चित्राला कडेला एक भोक असतं. पहिल्या चित्रापासून ती मोजत मागे गेलो, पेनाने खूण केली. मौने मोजली.

"पस्तीस."

मी तावातावाने पुन्हा मोजली. पस्तीसच. खूण एक घर मागे सरकवली आणि मासीमांच्या सुईने भोक पाडलं.

"फोन इकडे द्या," मासीमा म्हणाल्या.

ठिपका चमकला. त्यांचं बोट पडलं. एक, दुई. यजमान पडद्यावर म्हणाले, "ओगो, शुनछो?" म्हणजे, अगं, ऐकतेस का? शब्द बरोबर ओठांवर बसला.

"शुनछि," मासीमा पडद्याला म्हणाल्या.

फिल्म शेवटपर्यंत तुटली नाही. हल्ली लीडरला कात्री लावण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, तुमच्या घरी टेप कोण लावायचं? आणि त्या माणसाशी वाद घालत नाही.