लंगोटांचं तिसरं पाणी

आईनं नाशिकहून येताना चोवीस लंगोट शिवून आणले होते. जुन्या मऊ लुगड्यांचे, चौकोनी, कडा हातानं दुमडून घेतलेले. "चोवीस म्हणजे रग्गड झाले," असं ती म्हणाली होती. पण तिची सगळी बाळंतपणं नाशिकच्या उन्हातली. आमचा मुलगा झाला तो डिसेंबरच्या अखेरीला, दिल्लीत, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ऊन म्हणून पडलं नाही.

आई महिनाभर होती. मग तिकडे वडील पाय घसरून पडले आणि तिला जावं लागलं. लक्ष्मीबाई नगरच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी आणि बाळ उरलो. नवरा अर्थ मंत्रालयात नोकरीला होता. बजेटचे दिवस, त्यामुळे सकाळी नऊला गेलेला माणूस रात्री जेवायलाच यायचा. मोलकरणीनं तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बीबीजी, झाड़ू-बर्तन कर दूँगी, बच्चे के पोतड़े नहीं."

पाणी सकाळी दोन तास यायचं. तेवढ्यात रात्रीचे सगळे लंगोट काढायचे. आधी घाण खळबळून टाकायची, मग साबण, मग चोळणं, मग पाणी काढणं. नळाचं पाणी बर्फासारखं. पाचव्या-सहाव्या लंगोटानंतर बोटं आपली वाटायची नाहीत. रॉड लावून एक बादली तापवायची, पण ती बाळाच्या अंघोळीला. बाहेर दोरीवर घातलेले कपडे धुक्यानं संध्याकाळी सकाळपेक्षा ओले लागायचे. म्हणून खोलीतच आडव्या दोऱ्या बांधल्या. त्यांच्याखालून वाकून स्वयंपाकघरात जायचं आणि वाकूनच परत यायचं. उरलेला दमटपणा मी इस्त्रीनं वाळवायची. त्या वासात जेवायचं, त्या वासात झोपायचं.

बाळाला पुरळ उठलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि म्हणाल्या, "बच्चे को सूखा रखिए." मी मान हलवली. घरी येऊन दोरीवरचा एकेक लंगोट गालाला लावून बघितला. एकही कोरडा नव्हता.

अशात सासऱ्यांचं कार्ड आलं, नातवाला बघायला येतो म्हणून. ते तालुक्याच्या शाळेत मास्तर होते, निवृत्त झालेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. खरं सांगते, कार्ड वाचून मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. आणखी एका माणसाचा स्वयंपाक, दोन वेळचा चहा, डोक्यावरचा पदर, एवढंच मला दिसलं.

मामंजी आले. बाळाच्या हातावर चांदीचा वाळा ठेवला आणि खुर्चीत बसून पेपर वाचू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाला पाजता पाजता माझा डोळा लागला. जाग आली ती मोरीतल्या पाण्याच्या आवाजानं. वाटलं, नळ चालू राहिला. धावत गेले, तर मामंजी धोतर खोचून पाटावर बसलेले आणि हातात लंगोट.

"अहो मामंजी, हे काय! सोडा, सोडा ते."

"ओरडू नकोस, पोर उठेल," ते म्हणाले. वर न बघताच चोळत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या सासूनं पाच पोरांचे धुतले. मी कधी विहिरीवरून घागरभर पाणीसुद्धा आणून दिलं नाही. जा, नीज."

मी गेले आणि झोपले. लाज वाटायलासुद्धा अंगात काही शिल्लक नव्हतं.

पण त्यांना धुता येत नव्हतं. एका पाण्यातून काढायचे, पिळायचे, की झालं. साबण तसाच राहायचा. पुरळ कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. बोलायचं कसं? दुपारी ते वामकुक्षीला आडवे झाले की दोरीवरचे लंगोट काढून मी साठवलेल्या पाण्यात पुन्हा खळबळायची. म्हणजे काम कमी झालंच नाही, उलट चोरून करावं लागायला लागलं.

चार-पाच दिवसांनी त्यांनी पकडलं. मोरीच्या दारात उभे होते. मी पदरानं हात पुसत उठले.

"रोज करतेस हे?"

"साबण राहतो मामंजी. त्यानं त्याला आग होते."

त्यांचा चेहरा उतरला. नापास झालेल्या मुलासारखं म्हणावं तर ते मास्तर, पण तसंच दिसलं. मग पाट ओढून बसले. "मग सांगायचं नाही का? चल, शिकव. नीट शिकव."

मी शिकवलं. पहिलं पाणी दुधाळ येतं. दुसरं नुसतं धुरकट. तिसऱ्यात कापड चिमटीत चोळून बघायचं, बुळबुळीत लागलं नाही तरच पिळायचं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी पिळण्याआधी एकेक लंगोट मला दाखवायला आणला. आठवड्याभरात पुरळ मावळत गेलं.

एका रविवारी ऊन पडलं होतं आणि नवरा घरी होता. वडील बादली घेऊन गच्चीवर निघालेले बघून तो ओशाळला. "बाबा, काय चाललंय? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, या. दुपटं पिळायला एक माणूस कमी आहे."

नवऱ्यानं दुपट्याचं दुसरं टोक धरलं. त्याला पीळ कुठल्या बाजूनं द्यायचा तेही कळेना, दोघं एकाच बाजूला फिरवत होते. तेव्हा मी हसले. आई नाशिकला परतल्यापासून पहिल्यांदाच असेल.

मामंजी होळीनंतर गावी परत निघाले. मी पाया पडले तर म्हणाले, "आता ऊन आहे, तुला जड जाणार नाही." बरं झालं आलात, असं मला म्हणायचं होतं. पण बाळ रडायला लागलं आणि खाली रिक्षा उभी होती.

नवऱ्यानं दोन-तीन आठवडे सकाळची बादली सांभाळली. मग दौरे सुरू झाले आणि बादली पुन्हा माझ्याकडे आली. एप्रिलात लंगोट दहा मिनिटांत पापडासारखे कडक वाळत. पण पाणी एकच तास यायला लागलं आणि धुळीची वावटळ आली की वाळलेले सगळे पुन्हा भिजवायचे. दीड वर्ष हे चाललं. मुलगा आता विचारतो, मी पहिल्यांदा कधी हसलो, पहिला दात कधी आला? मला खरंच सांगता येत नाही.