ठेवणीतली लुगडी आणि एक डबा फिल्म

आमचे हे फिल्मा काढत. असं म्हटलं की लोकांना वाटतं, मुंबईत बंगला असेल, दारात मोटार असेल. काही नाही बाप्पा. अकोल्याला भाड्याच्या दोन खोल्या, अन् खाटेखाली फिल्मचे रिकामे गोल डबे. त्यात मी चिवडा ठेवायची. झाकण पक्कं बसतं त्यांचं, चिवडा मऊ पडत नाही.

पुढं टीव्ही आला, त्यासाठीही ह्यांनी पुष्कळ कामं केली, पण कुणाच्या कंपनीत बांधून घेतलं नाही. स्वतःच विषय शोधायचा, माणसं जमवायची अन् फिल्म पुरी झाली की ती कुठं लागते ते पाहत हिंडायचं. मला विचाराल तर त्या साऱ्याचा निकाल अकोटजवळच्या एका वावरात, म्हणजे शेतात, लागला. महाराष्ट्र नुकताच झाला होता, अन् माझ्या लग्नालाही फार दिवस झाले नव्हते.

ह्यांनी कापसावर छोटी फिल्म काढायचं मनात घेतलं, पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या झाडापासून, सरकी काढायच्या जिनिंगपर्यंत. मुंबईहून कॅमेरा भाड्यानं आणला, त्यासोबत कॅमेरा चालवणारा माणूसही आला. तर माझ्या सासूबाई ह्यांना विचारतात, "फोटू हा मुंबईचा काढते, कापूस बाया वेचतात, मंग तू काय करतो रे?"

"मी सगळ्यांना एका ठिकाणी आणतो, आई."

"ते त लग्नातला आवतण सांगणारा बी करते!"

आम्ही सारे हसलो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, हसले नाहीत. "हे एक काढून घे," ते म्हणाले. "संक्रांतीनंतर जिनिंगात कारकुनाची जागा हाय, तिथं बस. लोक इचारतात पोरगा काय करते, मले सांगता येत नाई." ह्यांनी 'बरं' म्हणून मान डोलावली. ही फिल्म बिघडली तर पुढची निघणार नाही, हे घरात साऱ्यांना ठाऊक होतं.

जिनिंगातलं आधीच काढून झालं होतं, राहिली होती वेचणी. वावर माझ्या भावाचं, म्हणजे माझं माहेरच. पहिल्या दिवशी सारं झकास झालं. रोज वेचणीला येणाऱ्या बाया जुन्या लुगड्यात आल्या, कमरेला ओटी बांधून वेचू लागल्या. कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. अर्धं काम झालं अन् ऊन उतरलं. एकच डबा फिल्म उरली होती. दुसऱ्या दिवशी तेवढं आटपून कॅमेरा संध्याकाळच्या गाडीनं परत पाठवायचा होता.

जाताना बायांनी विचारलं, हे यंत्र कशाचं? ह्यांनी मोठ्या खुशीत सांगितलं, "तुमचा फोटो आहे हा. अकोल्याच्या टॉकीजमध्ये मोठ्या पडद्यावर दिसाल."

झालं! आता सांगा, त्या काळी फोटो काढायला कोणी फाटक्या लुगड्यात जात होतं का? फोटो लग्नात निघायचा, नाहीतर शहरातल्या स्टुडिओत, पावडर लावून.

सकाळी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, बाया येताना दिसल्या अन् ह्यांनी डोक्याला हात लावला. साऱ्या ठेवणीतलं नेसून आल्या होत्या. कुणाच्या नाकात नथ, कुणाच्या केसात शेवंती. त्यांच्यातली जी थोरली, सगळ्या जिचं ऐकत, ती अन् तिच्या सोबतिणी पांढऱ्याशुभ्र साड्यांत. त्या बौद्ध घरच्या, सणाला पांढरंच नेसत.

कॅमेरावाला म्हणाला, "अहो, काल ह्या अर्ध्या ओळीत जुन्या कपड्यांत होत्या. आज उरलेल्या अर्ध्या ओळीत नथी घालून वेचणार का?"

हे हात जोडून म्हणाले, "बाई, कालचंच नेसून या ना."

थोरली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहून जी? अकोल्याचे मोठे लोक आमाले पायतीन अन् आमी फाटक्यात? तुमाले फोटू काढाचा असन त असा काढा, नाई त आमी घरी चाललो."

"फोटूत तुमी काय नेसलं होतं वो, लग्नाच्या?" दुसरीनं ह्यांना टोला हाणला, अन् साऱ्या खो खो हसल्या. ह्यांच्या तोंडावर मात्र मला जिनिंगातली खुर्ची दिसत होती.

मी भावाला विचारलं, "दादा, नाल्याकडचा तुकडा उशिरा पेरला होता ना? त्याची सीतादही झाली का?"

"कुठं झाली? आजउद्या कराचीच हाय."

आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी वावरात पऱ्हाटीची पूजा करतात, दहीभात शिंपडतात अन् वेचणाऱ्या बायांना पोटभर खाऊ घालतात. ती सीतादही. त्या दिवशी नवं नेसायचंच असतं. मी ह्यांना म्हटलं, "आजचं आधी लावा अन् कालचं मागून. आधी सणाचा दिवस, मग कामाचे दिवस. कोणाला काय कळतं आधी कोणतं काढलं!"

कॅमेरावाला माझ्याकडे पाहू लागला. ह्यांनी विचारलं, "जमतं का हो?" तो म्हणाला, "जमतं की. कापून जोडायचंच तर असतं."

वहिनीनं घाईघाईनं भात टाकला. थोरलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "पूजा तुमी करा, बाई. आमचं आता ते नाई. दहीभात खाऊ आमी, अन् वेचणी त आमचीच हाय." मी म्हटलं, बरोबर आहे. वहिनीनं पूजा केली. मग साऱ्या एका पंगतीत धुऱ्यावर बसल्या, जेवल्या, एकमेकींना चिडवत वेचायला उतरल्या. डबा तिथंच संपला. कॅमेरा संध्याकाळच्या गाडीत चढला.

अकोल्याच्या एका टॉकीजवाल्यानं मुख्य सिनेमाआधी ती फिल्म दाखवली. अकोटहून एसटीनं बाया आल्या, घरून मामाजीही आले. पडद्यावर धुऱ्यावरून नटून येणारी ती ओळ दिसली अन् शेजारी कुजबुज सुरू झाली, "पाय वं, तुई नथ!" पाठोपाठ जुन्या लुगड्यांतली वेचणी आली. मी भीत भीत थोरलीकडे पाहिलं.

"आता फाटकं दिसलं तरी चालते," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "पयले नीट पायलं न लोकाईनं आमाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मामाजी बशीत पाहत म्हणाले, "जिनिंगातल्या त्या जागेसाठी शेजारच्या पोराचं नाव सांगून देतो."

मी आपला चुलीवर आणखी चहा टाकला.

काही महिन्यांनी ह्यांनी शेंदूरजन्याच्या संत्र्यांवर फिल्म काढायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मामाजी स्वैपाकघराच्या दाराशी येऊन खाकरले.

"सूनबाई, तिथं मी बी येऊन राहिलो. कोट घालू का साधाच येऊ?"

"साधेच या, मामाजी," मी म्हटलं.

कोट घालूनच आले.