भांडणाआधीची कोथिंबीर

महत्त्वाच्या कामाला निघायचं असलं की मी आधी कोथिंबीर आणायला जातो. घरात कालची जुडी पडून असली तरी जातो.

माझा धंदा जुन्या फर्निचरचा. देवळाली कॅम्पात बदली झाली की फौजी कुटुंबं कपाटं, पलंग, कूलर विकून निघतात. ते सामान हातगाडीवर ओढत सुरुवात केली. आज रस्त्यालगत भाड्याचं दुकान आहे. जुने मालक वारले आणि त्यांच्या मुलाला दुकानाचा पुढचा भाग एका मोबाइलवाल्याला द्यायची हुक्की आली. मी म्हणे मागच्या बाजूला बसायचं. तिथे माझी कपाटं बघायला कोण येणार? पहिल्या बैठकीत माझा आवाज चढला, तसा मालकाचा मुलगा माझ्या मुलाला म्हणाला, "आधी यांना शांत व्हायला शिकवा, मग बोलू." आणि माझ्या मुलाने मान डोलावली. ती मान मला अजून दिसते.

दुसऱ्या बैठकीच्या सकाळी मुलाने मला सतरंजीवर बसवलं. "पप्पा, डोळे मिटा. श्वास घ्या. सोडा." श्वास घेतला की मालकाचा मुलगा दिसे, सोडला की माझा. उठलो, पिशवी घेतली आणि बाजार गाठला.

माझी भाजीवाली सिन्नरकडची. तिला भवानीच्या आधी गाठायचं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक ती रिकाम्या हाताने जाऊ देत नाही.

"आलं वादळ! आज कुणाचा नंबर हाय, शेठ?"

"वीसला एक जुडी? मुळं सोन्याची आहेत का?"

"मुळं नका खाऊ, पाला खा."

"पाला पिवळा पडलाय."

"तुमच्या तोंडापरीस हिरवा हाय."

"वीसला दोन दे."

"दोन घ्या अन् टोपली बी घ्या. मी जाते घरी."

शेजारचा कांदेवाला खो खो हसला. मीही. शेवटी वीसला दोनच घेतल्या आणि वर मिरच्या मागितल्या. तिने एकच टाकली. "ही त्याच्या डोळ्यात घाला."

राग घालवायला मी तिथे जात नाही. राग माझं भांडवल आहे. पण रात्रभर आंबलेला राग नुसता ओरडतो. जिंकून आलेला बोलतो.

बैठकीत पिशवी टेबलावरच ठेवली. आवाज पहिल्याइतकाच चढला होता, पण या वेळी शब्द सापडत होते. "पुढचा भाग माझाच. मागचा दे मोबाइलवाल्याला. मोबाइलला उजेड कशाला लागतो, तो स्वतःच उजेड पाडतो! गल्लीकडच्या भिंतीत त्याच्यासाठी वेगळं दार मी काढून देतो." मालकाच्या मुलाला हसू आवरेना. त्याने तिथेच मोबाइलवाल्याला फोन लावला, आणि दुकानाचं तोंड माझ्याकडे राहिलं.

दुपारी बायकोने त्या कोथिंबिरीच्या वड्या तळल्या. जेवताना मुलगा म्हणाला, "बघितलंत पप्पा? श्वासाचा उपयोग झाला."

मी ती मिरची उचलून त्याच्या ताटात ठेवली.