उंबऱ्यावरचा उजेड

विजया प्रयोगशाळेत आली की आधी स्वतःचे हात हुंगायची. पहाटे वर्सोव्याला आईच्या मासळीच्या पाट्या उचलायच्या आणि मग पवईला आमच्या छोट्या कंपनीत यायचं, हा तिचा नेम. "मावऱ्याचा वास हाय अजून," असं ती खुशीत जाहीर करायची. आम्ही नाकं मुरडली की तिला जास्तच आनंद.

त्या सुमारास बाजारात आवई उठली, की मासे टिकवायला फॉर्मेलिनचं औषध मारतात. आईची नेहमीची गिऱ्हाइकं मान वळवून पुढे जाऊ लागली. विजयाने ध्यास घेतला: पाटीपाशीच मासा तपासणारी चिप करायची आणि आईचं नाव साफ करायचं.

अशा चिपवर प्रकाशासाठी केसाहून बारीक वाट कोरलेली असते. वाट जाड असली तर प्रकाश आतच राहतो, बाहेरच्या रसायनाचा त्याला पत्ता लागत नाही. पातळ केली की थोडा काठाबाहेर येतो आणि रसायनाला शिवतो. फारच पातळ केली तर वाटेतच गळून संपतो. विजया म्हणायची, "उजेडाला उंबऱ्यावर बसव रे. घरात बसून शेजार कळत नाय, नि रस्त्यावर सोडला तर परत येत नाय."

वाट पातळ करत करत तिने चिप अशी तिखट केली, की नावापुरतं फॉर्मेलिनही सुटेना. पापलेट तपासलं, सुरमई तपासली. मी विचारलं, "आणि बोंबील?"

"येडा झालास? बोंबलाला कोण औषध मारेल? सकाळचा दुपारी पाणी होतो."

कोळ्याच्या पोरीला मी बोंबील काय शिकवणार?

बाजारात गिऱ्हाइकांसमोर आईने कौतुकाने त्याच पहाटेचा बोंबील पुढे केला. चिपचा फॉर्मेलिनचा आकडा चढला. विजयाने चिप पुसून दुसरा घेतला. पुन्हा चढला.

नंतर कळलं, की मेलेल्या बोंबलाच्या अंगात ते रसायन आपोआप तयार होतं. आतलं आणि बाहेरून मारलेलं, दोन्ही एकच. वाट जाड करा की पातळ, प्रकाशाला त्यातला फरक कळत नाही. विजयाने बाजारभर घसा फोडून सांगितलं, पण लोकांनी आकडा पाहिला होता.

आईलाही पटलं नाही. "आये, ते आपोआप होतं गं," विजया विनवत होती.

पाटी गटारात उपडी करत आई म्हणाली, "बर्फवाल्यानं घातलं असंल. मशीन खोटं कशाला बोलंल? तूच बनवलीस ना."

आई पुन्हा बाजारात बसली नाही. विजयाने नोकरी सोडली. जाताना मला म्हणाली, "चिप चुकली असती तर बरं झालं असतं रे."

मला फार वाईट वाटलं. चिप बरोबरच होती.