मधला स्पीकर

आमच्या कर्वेनगरच्या हॉलमध्ये दोन टीव्ही होते. एक माझा, मॅचसाठी. दुसरा बाबांचा, बातम्या आणि कीर्तनासाठी. आतल्या खोलीत लावून देतो म्हटलं, तर बाबा म्हणाले, "मी काय आजारी आहे?" मग शेजारशेजारच्या दोन भिंतींवर दोन.

बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. माझा धंदा त्यांना कधी धंदा वाटला नाही. हिंजवडीतल्या कंपन्या जागा बदलायच्या, त्यांच्या खुर्च्या-टेबलं मी उचलायचो आणि नव्या कंपन्यांना विकायचो. हा फ्लॅट त्यातूनच झाला. पण बाबा पाहुण्यांना सांगायचे, "पुतण्या आयटीत आहे. आमचे चिरंजीव तिथल्या जुन्या खुर्च्या विकतात." लोक हसायचे. मी आत जाऊन पाणी प्यायचो.

सराउंड साउंड घेताना शनिवार पेठेतल्या दुकानदाराशी मी दीड तास घासाघीस केली. फिटिंगही फुकट करून घेतलं. बसवायला आलेला कारागीर म्हणाला, "साहेब, कोपऱ्यांतले स्पीकर दोन्ही टीव्हींना चालतील, स्विच टाकून देतो. पण बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं आणि तो एकच आहे. आजोबांच्या टीव्हीखाली दुसरा लावा."

"शेठनं पढवून पाठवलंय काय?" मी उखडलो. "आहे तो माझ्या टीव्हीखाली लाव आणि नीघ."

तो खोटं बोलत नाही, हे मला कळलं होतं. बाबांना कमी ऐकू येतं, हेही माहीत होतं. पण त्याच सकाळी त्यांनी शेजाऱ्यांपुढे पुन्हा माझ्या खुर्च्यांचा विषय काढला होता.

माझी मॅच नसेल तेव्हा स्विच बाबांकडे, असं ठरलं. आठवड्याभरात त्यांनी आपली खुर्ची फिरवली. त्यांच्या टीव्हीवर कीर्तनकार हात हलवत असायचा आणि बाबा माझ्या बंद टीव्हीच्या काळ्या काचेपुढे कान देऊन बसलेले.

"बाबा, टीव्ही तिकडे आहे."

"बोलणं इकडून येतं ना," ते म्हणाले. तक्रार नव्हती. मॅचची वेळ झाली होती. मी स्विच फिरवला.

दिवाळीत त्यांचे कचेरीतले एक मित्र आले. बाबांनी कौतुकानं सगळे स्पीकर दाखवले. "आमच्या चिरंजीवांनी बसवलंय. दुकानदाराला रडवलं यानं! असा व्यवहार आमच्या सात पिढ्यांत कुणाला जमला नाही."

हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो.

"अहो, पण आपण बंद टीव्हीकडे तोंड करून का बसता?" मित्रानं विचारलं.

"तिकडे वळलं की मान अवघडते," बाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्पीकर आणला.

"तेव्हाच का नाही आणलास?" बाबांनी विचारलं.

"तेव्हा दुकानात नव्हता."

त्यांनी मान हलवली आणि खुर्ची वळवायला घेतली. मी हात लावायला गेलो.

"राहू दे," ते म्हणाले. "जमतं मला."