आमच्या घरातला सांगावा

"तुझा भाऊ मेला म्हणून गावातली माणसं मरायची थांबत्यात व्हय रं?"

पाटील चावडीच्या कट्ट्यावरून हे बोलला. कट्ट्यावरची चार माणसं हसली. मी खाली उन्हात उभा. वय पंधरा. चार महिने माझ्या तोंडातून धड शब्द फुटला नव्हता, तो तेव्हाही फुटला नाही. पाटलानं काठी माझ्या पुढ्यात फेकली. तिची घुंगरं वाजली आणि मी दोन पावलं मागं सरलो.

ती काठी अण्णाची होती. माझ्या थोरल्या भावाची.

आम्ही महार. गाव निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठी. गावात कुणी गेलं की पाहुण्यांच्या गावी मयताचा सांगावा न्यायचा, हे आमच्या घराचं काम. ऊन असो, पूर असो. पाहुण्याच्या दारापासून लांब उभं राहायचं आणि घुंगराची काठी आपटायची. आतून कुणी विचारलं, "कोन गेलं?" की नाव सांगायचं. मग वरून भाकरीचा तुकडा पडायचा. आप्पानं जन्मभर हेच केलं. आप्पाच्या पायाला नारू झाला, तेव्हा काठी अण्णाकडं आली. मी शाळेत होतो. व्हरांड्यात बसवायचे, पण होतो. अण्णा म्हणायचा, "तू पाटी धर. काठी मी धरतो."

आषाढात पाटलाचा चुलता वारला. सांगावा कोगनोळीला न्यायचा होता. नदी फुगलेली. पाटलानं बजावलं, "दिस मावळायच्या आत पाव्हणं आलं पायजेत." पूल लांब पडतो म्हणून अण्णा उतारातनं, पाण्यात उतरून गेला.

काठी त्याच दिवशी काठाला लागली. अण्णा तिसऱ्या दिवशी. तोंड माशांनी खाल्लं होतं. आईला बघू दिलं नाही.

पाहुण्यांकडं मग दुसरा माणूस गेला. पुलावरून. म्हणजे पुलावरून जाऊ देता येत होतं.

काठी गावकीची, म्हणून ती चावडीत नेऊन ठेवली. आमच्या घरी काहीच आलं नाही. आई आठ दिवस रडली आणि मग मजुरीला गेली. आप्पा पाय धरून बसायचा. मी रडलो नाही. मी भिंतीकडं तोंड करून निजायला लागलो. शाळा सुटली. भाकरी तोंडात फिरायची, खाली उतरायची नाही. लोक म्हणाले, "अण्णानं धरलंय त्याला." आप्पानं देवऋषी आणला. त्यानं लिंबाच्या डहाळीनं माझी पाठ फोडली, तरी मी बोललो नाही.

काय बोलणार? मी पाटी धरली म्हणून त्यानं काठी धरली. एवढंच डोक्यात फिरायचं.

विहिरीकडं गेलो की पाण्यात बघत उभा राहायचो. मला पाण्याची भीती नव्हती. आत जावंसं वाटायचं, त्याची भीती होती. आईनं ते ओळखलं. तिनं घरातली सगळी दावी लपवली. पाण्याला मला पाठवायचं बंद केलं. कामावर जाताना शेजारच्या म्हातारीला सांगायची, "आक्का, पोरावर ध्यान ठेवा." परत येताना लांबूनच हाक मारायची. मी ओ देत नव्हतो. मग तिची पावलं पळत यायची. ती पळती पावलं मला अजून ऐकू येतात.

अशात दिवाळीच्या तोंडाला पाटलाची आई गेली. आप्पाला उभं राहता येत नव्हतं. मला चावडीवर बोलावलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

मी काठी उचलली. भ्यालो होतो म्हणून उचलली, दुसरं काही नाही. पुलावरून गेलो. वाटेत प्रत्येक पावलाला घुंगरं वाजत होती आणि मागं कुणीतरी ओल्या पायांनी चालतंय असं वाटत होतं. वळून बघायची छाती झाली नाही.

कोगनोळीत पाटलाची बहीण दिली होती. दारासमोर लांब उभा राहिलो. काठी आपटली. बाई बाहेर आली. घुंगरं ऐकूनच तिचा चेहरा उतरला होता.

"कोन गेलं रं?"

मी तोंड उघडलं. म्हणालो, "अण्णा गेला."

"कोन अण्णा?"

"माझा अण्णा. नदीत गेला. आषाढात."

चार महिन्यांनी आलेला पहिला शब्द तो. आणि मग रडू आलं. तिथंच धुळीत बसलो. बाईचा नवरा ओरडत होता, "खुळं हाय का काय हे? आमचं कोन गेलं ते सांग की." मी अण्णाचंच नाव घेत होतो. त्यानं खडा मारला. खडे लागत होते आणि मी मोठमोठ्यानं सांगत होतो. कपाळ फुटलं, तेव्हा उठून परत फिरलो.

बाईला खरं कळलं दुसऱ्या दिवशी. तोवर तिच्या आईला अग्नी दिला होता. त्या बाईचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. आईचं तोंड बघायचं राहिलं तिचं. माझ्या आईचंही लेकाचं राहिलं होतं. त्याचं वाईट त्या गावात कुणाला वाटलं?

चावडीवर पुन्हा उभा केला. या वेळी सगळा गाव. आप्पाला दोघांनी धरून आणलेलं. तो हात जोडून म्हणत होता, "चुकलं लेकराचं, धनी." पाटील मला म्हणाला, "नाक घास. आन् सांग, परत आसं हुणार न्हाय."

धोतर ओलं झालं होतं माझं. लपवत नाही. पण आवाज आला.

"सांगावा नेला मी. आमच्या घरातला राहिलाता, त्यो आधी नेला. हितनं फुडं तुमचा तुमी न्या."

त्याच काठीनं मारलं. मोडेपर्यंत. मग दाणा बंद, मजुरी बंद. आईनं काठीचे तुकडे उचलून आणले आणि चुलीत घातले. आप्पा घाबरून म्हणाला, "आगं, गावकीची काठी हाय ती."

"जळतीया न्हवं? मग झालं," आई म्हणाली. त्यावर तिनं आंबील शिजवली.

त्याच आठवड्यात आम्ही निपाणीला आलो. आई तंबाखूच्या वखारीत लागली. पाय बरा झाल्यावर आप्पाही. मी पुन्हा शाळेत गेलो. पण अंधार एकदम गेला असं कुणी समजू नये. तो येत राहिला. वर्ष वर्ष येत राहिला. निपाणीच्या खोलीतही आईनं दावं लपवलेलंच होतं, कणगीच्या मागं. मला ठाऊक होतं.

देश स्वतंत्र व्हायच्या दोन वर्षं आधी मी बी. ए. झालो. निकाल घेऊन घरी आलो, तेव्हा आईनं कणगीमागचं दावं काढलं आणि दारात धुणं वाळत घालायला बांधलं.

घुंगराची भीती गेलेली नाही. रस्त्यानं बैलगाडी गेली तरी माझे पाय थबकतात. थबकू देत. आमच्या घरातली काठी माझ्यापाशी संपली. माझी पोरं ती धरणार नाहीत, त्यांची पोरं धरणार नाहीत. कुणी धरायला लावली, तर ती मोडायला मी उभा आहे.

अण्णाचा सांगावा मी पोचवला आहे.